बिनशिक्क्याचं नाटक

लायब्ररीतल्या बाईनं माझ्या नाटकाची संहिता दोन बोटांनी उचलली आणि काउंटरवरून परत माझ्याकडे सरकवली. उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हणाली, "हे मी वाचू शकत नाही."

मला वाटलं, मराठी असेल म्हणून घाबरली. मी म्हटलं, "भाषांतर केलंय, सगळं इंग्लिशमध्येच आहे." ती हसली. म्हणाली, "तसं नाही. मी वाचायचंच नाही. खोलीत तुम्ही काय बोलणार आहात, हे विचारायचा मला अधिकार नाही. मला फक्त एवढं सांगा, खायला काय ठेवणार आहात? मागे कोणीतरी कार्पेटवर तेलकट सांडलं होतं."

आता बोला! ऑफिसमधून आल्यावर डोळे फोडफोडून मी भाषांतर केलं, 'मेल्या'ला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं ह्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि हिला काळजी समोशांची. मला इतका राग आला की मी म्हटलं, "मग परवानगी कोण देणार?" ती म्हणाली, "कसली?" मी म्हटलं, "नाटकाची." तिला माझा प्रश्नच कळेना. शेवटी ती म्हणाली, "खोली शनिवारी दुपारी रिकामी आहे. नाव लिहू का?"

त्या बाईची चूक नव्हती. खोड माझी होती आणि ती नागपूरहून माझ्याबरोबर आलेली. मी तिथे कॉलेजपासून नाटकं केली. महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता आधी सरकारी मंडळाकडे पाठवायची, त्यांनी वाचायची, हवं तिथे लाल रेघ मारायची आणि मग शिक्का द्यायचा. तालमीला कोणी आलं की पहिला प्रश्न, "सेन्सॉर झालं का?" आमचा दिग्दर्शक तर पक्का बेरकी. तो शिव्या मुद्दाम दुप्पट लिहायला लावायचा, म्हणजे निम्म्या कापल्या तरी हव्या तेवढ्या उरतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. सर्दी झाली की नाक वाहणार, नाटक केलं की शिक्का लागणार. अमेरिकेत कॅरी गावाला येऊन पंचवीसेक वर्षं झाली, सॉफ्टवेअर तपासून दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, पण ही चूक माझ्या ध्यानातच आली नाही. मी आपली फाईल घेऊन सरकारच्या दारात उभी, मला कापा हो म्हणत.

पण मुळात मी लायब्ररीत का गेले, ते सांगते.

आमच्या वसाहतीत एक तळं आहे आणि त्याच्याभोवती चालायचा रस्ता. मागच्या हिवाळ्यात मी तिथे चालत होते तर पुढून ठणठणीत मराठी ऐकू आलं, "सरका गं बायांनो, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" बघते तर नऊवारीच्या वयाच्या एक बाई, पण पाचवारी साडी, वर मुलाचं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि समोर रस्ता अडवून बसलेले हंस. ते इथले राखाडी, माजलेले. पोलिसाला हलत नाहीत. काकूंना हलले.

काकू सांगलीच्या. आयुष्यभर पोस्टात खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. यजमान तीन-चार वर्षांपूर्वी गेले. आता नातू झाला म्हणून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. मुलगा आमच्याच मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. भला माणूस, धावपळ करतो, हॉलचं भाडं वेळेवर भरतो. त्या दिवसापासून आम्ही रोज बरोबर चालू लागलो आणि काकू बोलू लागल्या. किती बोलायच्या! धरणाचं दार उघडावं तसं.

"मुलाचं घर झकास आहे गं," त्या म्हणाल्या. "सून गुणाची. नुसतं बोलत कोणी नाही. सगळ्यांच्या कानात बोंडं. स्वयंपाकघरात ते बोलणारं यंत्र आहे ना, त्याला मी विचारलं, दूध उतू जातंय का बघ. ते सॉरी म्हणालं. म्हटलं चला, निदान सॉरी तरी म्हणालं."

आणि मग पासपोर्टचं. काकू आल्या त्या दिवशीच मुलानं त्यांचा पासपोर्ट घेतला आणि सगळ्यांच्या पासपोर्टांबरोबर कपाटात कुलपात ठेवला. एकदा त्यांनी मागितला तर म्हणाला, तुला कशाला हवाय, हरवशील. हे सांगताना काकूंचा आवाज बदलला. "अगं, गावच्या लोकांचे पासपोर्ट माझ्या हातातून गेले. रजिस्टर्ड. एक हरवला नाही. आणि माझा मी हरवणार?"

मी घरी आले आणि जेवायच्या आत लिहायला बसले. एकांकिका साधी होती. एक म्हातारी बाई अमेरिकेतल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोस्टाची खिडकी थाटते. तिकिटं मांडते, डिंकाची बाटली ठेवते, आणि कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसते. मुलगा जातो, सून जाते, नातू जातो, पण खिडकीवर कोणी येत नाही. शेवटी ती प्रेक्षकांकडे वळून म्हणते, "माझा पासपोर्ट द्या. मी पळून जाणार नाही. पळू कुठे, इथला फुटपाथसुद्धा कोपऱ्यावर संपतो. माझा आहे, म्हणून द्या."

मी वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी कागद माझ्या हातातून काढून घेतले. मग म्हणाल्या, "हे काम मी करणार. दुसरी कोणी नको. मला हे एकदा चार लोकांत म्हणायचंय. मग जाते मी सांगलीला." त्यांचं परतीचं तिकीट पाडव्यानंतरच्या आठवड्याचं होतं. माझ्या मानगुटीवर ते तिकीट तेव्हापासून बसलं.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात आम्हाला जागा मिळाली. सचिवाला वाटलं, आई काहीतरी भोंडल्यासारखं गमतीचं करतेय, बरंय, तिचाही वेळ जाईल. तालमी माझ्या गॅरेजमध्ये व्हायच्या. एके दिवशी तो काकूंना न्यायला लवकर आला आणि गवत कापायच्या मशीनशेजारी उभा राहिला. नेमकं पासपोर्टचं भाषण चालू होतं. त्यानं सगळं ऐकलं. "चल आई," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मेसेज: काही अपरिहार्य कारणामुळे एकांकिका कॅन्सल केली आहे, त्या वेळात अंताक्षरी होईल.

अंताक्षरी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, फॅमिली ऑडियन्स आहे. स्पॉन्सर्स असतात. आपले लोक आईवडिलांना असं ठेवतात, असा मेसेज जातो. कमिटीनं डिसाइड केलंय." मी विचारलं, कमिटीतल्या किती जणांनी वाचलं? तो म्हणाला, "ताई, प्लीज."

मग मी लेकीला फोन केला. लेक कायदा शिकते, दुसऱ्या राज्यात. त्या सत्रात तिला नेमका भाषणस्वातंत्र्याचाच विषय होता, आणि घरी फोन आला की दर वेळी आम्हाला कुठला तरी खटला ऐकावा लागे. मला वाटलं, एवढी फी भरतोय, आता कामाला येऊ दे. मी म्हटलं, "केस टाक मंडळावर. पहिली घटनादुरुस्ती. फर्स्ट अमेंडमेंट."

ती म्हणाली, "आई, मंडळ इज नॉट द गव्हर्नमेंट."

"म्हणजे?"

"म्हणजे ती दुरुस्ती फक्त सरकारला बांधते. सरकारनं तुझं तोंड बंद करायचं नाही, एवढंच त्यात आहे. मंडळ प्रायव्हेट आहे. काय दाखवायचं ते मंडळ ठरवणार. इन फॅक्ट, तुझं नाटक न दाखवणं हा त्यांचा राइट आहे."

"मग उपयोग काय तिचा?" मी ओरडलेच. "मला ह्या देशात सरकारनं आजवर एकदाही गप्प बसवलं नाही. मला गप्प बसवलं ते मॅनेजरनं, मंडळानं, तुझ्या आजीनं. आणि तू."

"मी?"

"हो तूच. मागे तुझ्या कॉलेजात आले तेव्हा काय म्हणालीस? आई, प्लीज डोन्ट टॉक टू माय प्रोफेसर."

ती हसायला लागली. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर काकू होत्या. त्यांचं तोंड मुलानं बंद केलं होतं, आणि मुलगा काही सरकार नव्हता. ज्याच्या छपराखाली राहायचं, ज्याच्या गाडीतून हिंडायचं, त्याच्याविरुद्ध कुठली दुरुस्ती? जगातल्या निम्म्या बायकांचं तोंड ह्या दुरुस्तीच्या हद्दीबाहेरच बंद होतं. मी हे लेकीला म्हटलं. ती म्हणाली, हा मुद्दा वर्गात कोणीतरी मांडला होता आणि पुढच्या मिनिटाला तास संपला.

पण पोर हुशार आहे माझी. जरा वेळानं तिनंच परत फोन केला. "आई, मंडळाकडे एक स्टेज आहे. सगळी स्टेजेस नाहीत. तुमच्या गावच्या लायब्ररीत मीटिंग रूम आहे ना? लायब्ररी सरकारी आहे. विणकामाच्या ग्रुपला खोली देते, बागकामवाल्यांना देते, तर तुझं म्हणणं पटत नाही म्हणून तुला नाही म्हणू शकत नाही. वेळ, जागा, आवाज ह्याचे नियम लावेल. म्हणण्याला हात लावणार नाही." मग म्हणाली, "फक्त एक. ती खोली सगळ्यांना ओपन असते. तुला जो नको असेल तोही येणार, आणि तुझ्याइतकंच बोलणार. ते चालेल ना तुला?"

"चालेल गं," मी म्हटलं. तेव्हा काय जातंय म्हणायला.

नवऱ्याला मात्र हे अजिबात चालणार नव्हतं. आमचं ग्रीन कार्ड इतकी वर्षं रांगेत कुजत होतं, शेवटी लेक इथे जन्मलेली आणि एकवीसची झाली तेव्हा तिनंच आमचा अर्ज टाकला. म्हणजे मला ह्या देशात राहायला माझ्या पोरीची सही लागते. मुलाखत अजून व्हायची होती. नवरा म्हणाला, "दिवस कसे आहेत बघतेस ना? लोकांचं जुनं-पानं उकरून काढतात. सरकारी बिल्डिंगमध्ये, पासपोर्ट द्या म्हणून नाटक? गप्प बसायला काय पैसे पडतात?"

मी म्हटलं, नाटकात सरकारचं नावसुद्धा नाही. तो म्हणाला, ते त्यांना कोण सांगणार?

मी लेकीला विचारलं, नागरिक नसलेल्या माणसाला बोलायचा हक्क असतो का? एरवी माझं वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी पोर ह्या वेळी थांबली. "असतो," ती म्हणाली. "पण इमिग्रेशन आलं की ते कॉम्प्लिकेटेड होतं. कोर्टात वाद चालू आहेत. तुझ्या नाटकानं काही होणार नाही, असं मला वाटतं. पण मी अजून लॉयर नाहीये, आई. गॅरंटी मागू नकोस." कायदा शिकणारं माणूस थांबून बोलायला लागलं की समजावं, प्रकरण अवघड आहे. मी भांडी घासली, घासलेली परत घासली, गॅरेज झाडलं. कुठेच बूड टेकेना.

खरं सांगते, म्हणूनच मी भाषांतर घेऊन लायब्ररीत गेले. सवय होतीच, पण भीतीही होती. मला कोणाचा तरी शिक्का हवा होता. उद्या काही झालं तर दाखवता आलं असतं, हे बघा, तुमच्याच बाईनं वाचलंय. आणि ती बाई वाचेना! लेकीला हे सांगितलं तर ती फोनवर किंचाळली, "आई! तू स्वतःहून सरकारकडे सेन्सॉर मागायला गेलीस? आधी वाचून मग परवानगी देणं हेच इथे सगळ्यात वाईट समजतात. आम्ही चार आठवडे तेच शिकतोय!" म्हणाली, परीक्षेत कोणी असा प्रश्न घातला असता तर तिला तो खोटाच वाटला असता.

काकू लायब्ररीबाहेर माझ्या गाडीत बसल्या होत्या. मी फणफणत आले आणि फाईल बॉनेटवर आपटली. "नाही म्हणते शिक्का. काही करा म्हणते. जबाबदारी तुमची म्हणते."

काकू खाली उतरल्या. "शिक्काच हवाय ना तुला? अगं, जन्मभर मी दुसरं केलं काय? दे इकडे." आणि त्यांनी मूठ वळून संहितेच्या पहिल्या पानावर असा काही ठोसा हाणला की गाडीचा अलार्म वाजतोय की काय असं मला वाटलं. "घे. झालं सेन्सॉर." आम्ही दोघी पार्किंगमध्ये वेड्यासारख्या हसलो. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास आला.

तो फार टिकला नाही. लायब्ररीच्या कार्यक्रमांच्या यादीत आमचं नाव लागलं आणि बातमी मंडळभर झाली. मुलानं काकूंना सांगितलं, व्हिजिटर व्हिसावर स्टेजवर उभं राहता येत नाही, परत पाठवतील. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, हौशी आहे, तिकीट नाही, मानधन नाही, कोणी काही करणार नाही. मी काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाठवू देत की. पुढच्या आठवड्यात जायचंच आहे. सरकारनं पाठवलं तर विमानतळापर्यंत कोणीतरी बोलत बोलत तरी नेईल."

मग मुलानं शेवटचं सांगितलं, "मी तुला सोडायला येणार नाही." कॅरीत गाडी नसलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी म्हटलं, मी येते न्यायला. काकूंनी साफ नकार दिला. "तू दारात यायचं नाहीस. तुझ्या गाडीतून आले तर तू मला पळवलीस असं होईल. मी माझ्या पायांनी येणार."

"अहो काकू, केवढं लांब आहे!"

"हंस आहेत की सोबतीला."

शनिवारी दुपारी मी खुर्च्या मांडल्या, मोडल्या, परत मांडल्या. मंडळातली काही माणसं चोरासारखी आत आली आणि मागच्या रांगेत बसली. विणकाम करणाऱ्या दोन अमेरिकन आज्या, मागच्या कार्यक्रमातून उठल्याच नव्हत्या, त्या तिथेच राहिल्या. त्यांच्यासाठी मी भाषांतराच्या प्रती काढल्या, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडलं. नवरा येणार नाही म्हणाला होता, तो आला आणि दाराजवळ उभा राहिला. समोसे मी आणलेच होते, कोरडे, लायब्ररीच्या बाईला वास देऊन मंजूर करून घेतलेले. फक्त काकू नव्हत्या. मी दर मिनिटाला काचेबाहेर बघत होते. माझ्या डोक्यात नाही नाही ते. त्या मोठ्या रस्त्यावर गाड्या काय वेगानं जातात! मी त्यांना हो म्हणालेच का?

वेळ झाली आणि काकू आल्या. साडी, स्पोर्ट्स शूज, हातात डिंकाची बाटली असलेली पिशवी. घामानं डवरलेल्या. त्यांच्या मागोमाग पार्किंगमध्ये एक गाडी शिरली, चारही दिवे लुकलुकत.

"अख्खा रस्ता मागे मागे होता," काकू पाणी पिता पिता म्हणाल्या. "गोगलगाईसारखा. लोक हॉर्न मारत होते त्याला. तो बस म्हणाला नाही, मीही बसले नाही."

मुलगा आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मागून सूनबाई बाळाला घेऊन. मला लेकीचं बोलणं आठवलं, तुला जो नको असेल तोही येणार. मी नजर वळवली आणि नाटक सुरू केलं.

काकूंबद्दल मी काय सांगू? अभिनय वगैरे त्यांना येत नव्हता. त्या नुसत्या खिडकीवर बसल्या, जशा सांगलीला बसत असतील तशा. तिकिटं सरळ केली, चष्मा पुसला, समोर बघितलं. मुलाचं काम करणारा पोरगा फोनवर बोलत निघून गेला. सुनेचं काम करणारी निघून गेली. खिडकीवर कोणी येईना. शेवटचं भाषण त्यांनी तालमीत म्हणायच्या त्याच्या निम्म्या आवाजात म्हटलं. "माझा आहे, म्हणून द्या." विणकामवाल्या एका आजीची सुई खाली पडली तेवढा आवाज झाला. मी रडले. लाज कसली त्यात.

मग चर्चा. मी आधीच जाहीर केलं होतं, ज्याला बोलायचंय त्यानं बोला, प्रत्येकी तीन मिनिटं. आधी एक काका उठले, नाटकाची तारीफ करता करता स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचले आणि फिजिओथेरपीही सगळी सांगितली. मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तारीफ होती ना.

आणि मग काकूंचा मुलगा पुढे आला.

"हे माझ्या घराबद्दल आहे, हे इथे सगळ्यांना माहितीये," तो म्हणाला. "तर मग मीपण बोलतो. मी आईला कोंडून ठेवलेलं नाही. तिला काय कमी आहे ते तिनं सांगावं. दोन दोन मीटिंग एका वेळी करतो मी. लेऑफ चाललेत. रात्री बाळ, सकाळी इंडिया टीम. कोण बोलणार आणि कधी बोलणार? ताईंना काय जातंय लिहायला. टाळ्या घेतल्या, घरी गेल्या."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. भर सभेत आईसमोर असं? मी उठले. "वेळ संपली," मी म्हटलं. संपली होतीच. तीन मिनिटं होऊन गेली होती. पण काकांची तर दहा झाली होती, आणि हे मलाही माहीत होतं. नियम सगळ्यांना सारखा असेल तरच तो नियम, नाहीतर तो शिक्का, लाल रेघेवाला. हे माझ्या पोरीनं मला शंभरदा ऐकवलं होतं. तरी मी परत म्हटलं, "संपली वेळ. बसा आता."

"बस गं तू खाली," काकू म्हणाल्या. मला! त्या अजून त्यांच्या खिडकीवरच होत्या. "बोलू दे त्याला. मी आल्यापासून पहिल्यांदा बोलतोय."

तो गडबडला. मग त्यानं आईकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"पासपोर्टचं तुला माहीत नाही. बाबा गेले तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकले होते. निघालो असतो तर परत येता आलं नसतं. नोकरी नवीन होती. मी सगळं व्हिडिओवर बघितलं, आई. चुलतभावाला ओरडत होतो, फोन सरळ धर, मला बाबा दिसत नाहीयेत. तेव्हापासून घरातला कुठलाच पासपोर्ट मी नजरेआड करत नाही. रात्री उठून बघतो, आहेत का. हे मी हिलाही सांगितलं नाही." हिला म्हणजे बायकोला. ती बाळाला थोपटत त्याच्याकडे बघतच राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"कधी सांगणार होतो?"

"बरं," काकू म्हणाल्या. "आता सांग."

तेवढ्यात लायब्ररीची बाई दारात. बंद करायची वेळ झाली. मी तिच्याकडे धावले, फक्त थोडा वेळ द्या म्हटलं. तिला वाईट वाटलं, दिसत होतं तिच्या चेहऱ्यावर. पण म्हणाली, "सॉरी, वेळ सगळ्यांना सारखीच." आणि दिवे घालवले.

मी आणि नवऱ्यानं खुर्च्या आवरल्या. माझा राग काही पुरता गेला नव्हता. अडकले होते कागद, मान्य, पण तिचा पासपोर्ट अजून कपाटातच होता की! त्यानं देतो म्हटलं नव्हतं, आणि तिकीट जवळ आलेलं. समोशांचा डबा घेऊन मी बाहेर आले. त्याच्या गाडीचे दिवे अजून लुकलुकत होते, बंद करायचं भान राहिलं नव्हतं त्याला. सूनबाई आत बाळाला पाजत होती. तो बाहेर फुटपाथच्या कडेला बसला होता, दोन्ही हात हलवत बोलत होता, आणि काकू शेजारी गुडघ्यावर पिशवी घेऊन ऐकत होत्या.

मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, सोडू का घरी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात हलवला.

"जा गं तू. आत्ता कुठे खिडकीवर कोणीतरी आलंय."